न धुतलेला चाकू

मोसंबीची कलमं करायला, म्हणजे डोळे भरायला, तो धरणगावकडच्या बागांतून फिरायचा. रोपाच्या खुंटावर काप घ्यायचा, चांगल्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा, पट्टी बांधायचा आणि त्या जागी क्षणभर तळहात टेकवायचा. चाकू मात्र कधीच धुवायचा नाही. मी धुळ्याला शेती कॉलेजात झाडांचे रोग शिकवायचो, म्हणून एकदा त्याला टोकलं.

"धोवा ते हातगुण निंघी जास, भाऊ," तो हसला. "मी मरसू, पन मना हात या झाडसमा राही."

आजारी झाडातून पात्यावर जे राहतं ते साध्या जंतूइतकंही नसतं. आरएनएचं एक उघडं कडं. त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. रसातून ते पुढच्या झाडात शिरतं आणि त्या झाडाकडूनच आपल्या प्रती करून घेतं. कित्येक वर्षं वरून काही कळत नाही.

तो वारल्यानंतर मी त्याने डोळे भरलेल्या एका बागेत गेलो. झाडं खुजी राहिली होती. तो तळहात टेकवायचा, बरोबर तिथून खाली साल सुटून लोंबत होती.

शेजारी नवी रोपं हिरवीगार उभी होती. त्यांचे डोळे कोणी भरले, असं विचारल्यावर बागेच्या मालकाने खिशातून चाकू काढला.

"त्यानाच शे," तो अभिमानाने म्हणाला. "एकदाबी धोयेल नही."