उताराखालच्या खोल्या

हेमंतच्या बायकोचा, पल्लवीचा, फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसलो होतो. कोविडमुळे आत जायची परवानगी नव्हती, आणि घरी जाववत नव्हतं. "हेमंत गेला रे," एवढंच ती म्हणाली...

हेमंत आणि मी पुण्याहून एकत्र आलो, एकाच युनिव्हर्सिटीत शिकलो आणि मेलबर्नजवळ टार्निटमध्ये शेजारच्या गल्ल्यांत घरं घेतली. मी बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. हेमंत घरच्या गराजमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून इंडोनेशियातल्या एका ज्वालामुखीवर लक्ष ठेवायचा. त्या डोंगराच्या पोटातल्या वाफेवर त्याची कंपनी वीज करते. तीच वाफ खडक आतून शिजवत राहते, त्याची चिकणमाती होते, आणि जोराच्या पावसात अख्खा उतार सुटू शकतो. उताराखाली कामगारांच्या खोल्या. डोंगर किती सरकला हे यंत्रं कळवायची. पण डोंगर सरकला की नुसता यंत्राचा खांब कलला, हे वर जाऊनच बघावं लागतं. आणि तेव्हा विमानं बंद होती. जेवताना फोन वाजला की त्याचा घास हातातच राहायचा.

लॉकडाऊनमध्ये एकदा चालताना म्हणाला, "आकडे वाढतायत. नुसता खांब कलला असेल तर मी येडा ठरेन. डोंगर असेल तर..."

"मग?"

"मग काय, येडा ठरतो."

त्याने खोल्या रिकाम्या करायला लावल्या. माणसं गावातल्या शाळेत राहायला गेली. पाऊस झाला, डोंगर काही खाली आला नाही. "गुड न्यूज, मेट! काहीच झालं नाही," कंपनीचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले. हेमंत त्यानंतर जास्तच घाबरला. आकडे वाढतच होते, आता त्याचं कोणी ऐकत नव्हतं.

हॉस्पिटलमधून त्याचा शेवटचा फोन आला, मास्कआडून, धापा टाकत. "त्यांना परत खोल्यांत जाऊ देऊ नकोस." मी कोण अडवणारा? पण हो म्हणालो.

काही आठवड्यांनी कंपनीने ऑनलाइन शोकसभा घेतली, मित्र म्हणून मलाही बोलावलं. साहेबांच्या मागे हिमशिखराचं चित्र होतं. 'दक्षतेचा वारसा' वगैरे झालं. मी विचारलं, "खालच्या खोल्या रिकाम्याच आहेत ना?"

"ही ती वेळ नाही," साहेब म्हणाले.

तेवढ्यात तिकडच्या कामगारांची सुपरवायझर बोलली, सारी नावाची. हेमंत रोज तिच्याशीच बोलायचा. "परत जायची ऑर्डर आलीये, सर. आम्ही गेलो नाही. शाळेतच आहोत."

माईक तिने चालूच ठेवला. शाळेच्या पत्र्यावर कोसळणारा पाऊस आम्ही सगळे ऐकत बसलो... साहेबसुद्धा.