माझा हंडा रांगेत होता

हे मी कुणापुढं बोललेले नाही — नवऱ्यापुढं नाही, लेकीपुढंही नाही. बोलायला गेलं की जीभ जड होते, म्हणून लिहिते.

परवा सुनेने टीव्हीवर एक सिनेमा लावला. कोर्टाचा. बायको घरात मेलेली, नवरा पिंजऱ्यात उभा. शेजारीण साक्षीला येते आणि म्हणते, मी घरी नव्हते, मला काही माहीत नाही. मी गहू निवडत होते. तोंडून निघून गेलं, "खोटारडी हाय ही."

सून हसली. "आत्या, तुमाला कसं कळलं ओ? आजून तर काईच दाखवलं न्हाई."

माझे हात सुपातच राहिले. खरंच — मला कसं कळलं?

दुष्काळाचं साल होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून सुशीला राहायची. तिचा नवरा दूध सोसायटीत आमचं, साऱ्या गावाचं दूध मापून घ्यायचा. गावात टँकर दोन दिवसांआड यायचा. आम्ही बाया पहाटे हंडे रांगेला लावायचो आणि कामाला घरी परतायचो. हंडा तिथं आहे म्हणजे बाई तिथं आहे, असंच सगळे धरायचे.

त्या सकाळी माझा हंडा रांगेत होता आणि मी घरात. भिंतीपलीकडं सुशीला ओरडत होती. ते तर रोजचंच — पण त्या दिवशी तिने माझं नाव घेतलं. "शांताक्का, या ओ. मारून टाकतुय मला." दोनदा. मी उठले, उंबऱ्यापर्यंत आले. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

तिचं दार चार पावलांवर होतं. मी टँकरकडं पळाले.

पाणी घेऊन आले तर ती मेलेली. माळवदावरून पडली, असं तो लोकांना सांगत होता.

बीडच्या कोर्टात वकिलाने विचारलं, तुम्ही तेव्हा कुठं होता? टँकरवर, म्हणाले. काही ऐकलं? नाही. बाकीच्या बायांनीही सांगितलं, हिचा हंडा पहाटेपासून रांगेत होता. त्या खोटं बोलल्या नाहीत. तो सुटला.

त्याला भ्याले म्हणू का? आमचं दूध नाकारील, असं पुढं किती वर्षं मनाला सांगत आले. पण उंबऱ्यात उभी होते तेव्हा दूध कुठं आठवलं होतं? डोक्यात एवढंच होतं — नंबर जाईल.

आणि दोनदा नाही. तिने तिसऱ्यांदाही हाक मारली. मी गल्लीच्या टोकाला पोचले होते. तिथंही ती ऐकू आली.