अकरा हिरवे घागरे

स्नेहल साडी कधी साडी म्हणून विकत नसे. आधी ती कापत असे.

सुकापूरला तिच्या वडिलांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि आडव्या बांधलेल्या दोरीवर कपडे. लग्नाला जाणाऱ्या बायकांचे. नवरीचे नाहीत, करवलीचेही नाहीत. ज्यांना जेवायचं, फोटोत उभं राहायचं आणि घरी यायचं असतं, त्यांचे. साडेतीनशेला घागरा, चारशेला अनारकली. २०१२ सालीसुद्धा पनवेलच्या बाजारात एवढ्यात धड कापड येत नव्हतं.

आम्ही कॉलेजात एका बाकावर बसायचो. मी मराठी घेऊन एम.ए. केलं. तिनं दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून शिवणक्लास लावला. खारघरला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं, तेव्हा तिनं मला जांभळा अनारकली शिवून दिला. हॉलमध्ये तिघींनी विचारलं, कुठून घेतला.

"कापड कुठून आणतेस गं?" मी स्नेहलला विचारलं.

"मिळतं."

"पण कुठं?"

"तुला नीट बसला ना? मग झालं."

घरी येऊन मी ड्रेस उलटा केला. आतल्या शिवणीत कुंकवाचा डाग होता. शेजारी हळदीचा. धुऊन फिके झालेले, पण होते.

तिचे वडील काशिरामकाका. गावात कोणी गेलं की तिरडी बांधायला त्यांनाच बोलावणं यायचं. सवाष्ण गेली की नात्यातल्या बायका तिच्यावर साड्या घालतात, हळदकुंकू वाहतात. दहा-पंधरा साड्या सहज होतात. अग्नी देण्याआधी त्यातल्या बऱ्याच काढून घेतात. पुढं त्यांचं काय होतं, कोणी विचारत नाही.

मी तो ड्रेस पुन्हा घातला नाही. स्नेहलला काही बोललेही नाही.

त्या उन्हाळ्यात गावातल्या दाजी भगतांच्या मुलाचं लग्न ठरलं. या गावांत हळद लग्नाहून मोठी. घरातल्या आणि भावकीतल्या बायका एका रंगात नटतात. यंदा हिरवा ठरला. अकरा जणींनी स्नेहलला घागरे सांगितले. तिनं अकरा वेगवेगळ्या हिरव्या साड्या कापल्या आणि सगळ्यांना खाली एकच सोनेरी लेस लावली. लांबून एका ताग्यातले वाटत होते.

"हळदीला अख्खी पंचक्रोशी बघेल," ती म्हणाली. नव्या पनवेलला एक छोटा गाळा तिनं बघून ठेवला होता. हे घागरे गाजले तर ती तो घेणार होती. मला तिथं नेऊन बोर्ड कुठं लागेल तेही दाखवलं होतं.

घागरे घरोघर पोचले. हळदीला दोन दिवस उरले होते. मी तिच्याकडं बसले होते तेव्हा दाजींची थोरली भावजय हौसाकाकी आली. मागं सात-आठ बायका. प्रत्येकीच्या हातात घागरा. हौसाकाकीनं आपला उलटा करून नाचवला.

"हे कुकू कसलं गो?"

"साडीला लागतंच, काकी."

"जित्या बाईच्या का मेलेल्या?"

कोणी हसलं नाही.

"बापूस तुझा तिरडी बांधतो, तू घागरे शिवतेस. आमाला काय समजत नाय?"

"माझी सून पोटुशी हाय," मागून भीमाबाई म्हणाली. "तिला मढ्यावरचं नेसवू?"

आतल्या खोलीत काशिरामकाका खोकत होते. खोकला थांबला.

"मयताच्या नायत," स्नेहल म्हणाली.

"मग कोणाच्या? नाव घे."

स्नेहलनं हौसाकाकीकडं पाहिलं. मग भीमाबाईकडं. मग एकेकीकडं.

"नाव नाय सांगणार."

"बघा! हाय का तोंड?"

घागरे जमिनीवर पडले. बायका गेल्या. उरलेले दोन संध्याकाळी एक पोर दारात टाकून गेली.

"तुलापण तसंच वाटतं?" स्नेहलनं मला विचारलं.

मी नाही म्हणाले. पण म्हणायला उशीर केला.

हळद झाली, लग्न झालं. गाळा एका झेरॉक्सवाल्यानं घेतला. आठ दिवस मी तिकडं फिरकले नाही. मग एका दुपारी गेले. ती मोरीत भांडी घासत होती. मी आतल्या खोलीत दाराआड पाटावर बसले. 

मागच्या दारावर थाप पडली. स्नेहलनं हात पुसून दार उघडलं. हौसाकाकी होती. हातात फुगलेली पिशवी. मी तिला दिसले नाही.

"घे गो. लग्नात आहेराच्या सतरा आल्या. एक नेसण्यासारखी नाय. यातली निळी बारक्या जावेनं दिलेली हाय, ती बारीक काप."

स्नेहल दार अडवून उभी राहिली.

"मागं मी तुला दिलेली हिरवीपण तिचीच होती. मोराची बुट्टी तू तशीच ठेवलीस. हळदीत तिनं ओळखली असती तर? जन्माचं वाकडं आलं असतं. म्हणून बोलले मी तसं. तू मनावर घेऊ नको."

 आहेराची साडी देताना तिच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावतात. माझ्या आईला ते लावताना मी लहानपणापासून पाहत आले होते. तरी डाग दिसला तेव्हा मला स्मशान आठवलं. या साड्या गावातल्याच कपाटांतून येत होत्या, नणंदांनी, जावांनी दिलेल्या. देणारीनं ओळखू नये म्हणून स्नेहल आधी कापत होती. त्या दिवशी ज्या दारात उभ्या होत्या, त्यांतल्या कितीजणी पिशवी घेऊन येऊन गेल्या असतील?

स्नेहलनं पिशवीला हात लावला नाही.

"काकी, पुढच्या दारानं ये."

"पुढं ओट्यावर बायका बसल्यात."

"म्हणूनच."

"डोकं फिरलं काय तुझं? भावकीत तोंड काळं व्हईल माझं."

"माझ्या बापाचं झालं ना."

हौसाकाकीनं पिशवी पदराखाली घेतली. आली तशी परत गेली.

"आता साड्या कोण देणार तुला?" मी विचारलं.

"जी पुढून येईल ती."

"आणि कोणीच नाही आली तर?"

 तिनं मागच्या दाराला आतून कडी घातली. पुढचं सताड उघडलं आणि मशीनवर जाऊन बसली. ओट्यावरच्या बायकांचं बोलणं थांबलं. त्या दुपारी कोणी आलं नाही.