लाल शाईतली सोयरीक

नौपाड्यातल्या आमच्या छापखान्यात नानांना सगळे 'शुद्धिपत्रक' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. तक्रार एवढीच, की लोक त्यातली 'द्धि' दीर्घ लिहितात! मुद्रितं तपासायला ठेवलेला हा माणूस रोज डोंबिवलीहून यायचा आणि स्टेशनपासूनच्या दुकानांच्या पाट्यांसमोर चुकचुकत उभा राहिल्याने अर्धा तास उशिरा पोचायचा.

गिऱ्हाइकं आणायचं काम माझं, घालवायचं नानांचं. एका सोसायटीच्या सेक्रेटरींना मी चार खेपा घालून पटवलं होतं. ते आत आले नि म्हणाले, "मी यांना कालच बोललो, स्मरणिकेसाठी माझी मदत करा..."

नानांचा चष्मा वर गेला. "बोललो नाही, म्हणालो. आणि माझी नाही, मला मदत करा."

"अहो, कळलं ना तुम्हाला?"

"समजून घेतलं. लिहिणारा-बोलणारा आळस करतो आणि राबायचं ऐकणाऱ्याने, होय?"

सेक्रेटरी गेले. स्मरणिकाही गेली. मी कपाळावर हात मारला.

लग्नपत्रिकेत तळाला लहान मुलांची एक ओळ असते ना, 'आमच्या मावछीच्या लग्नाला यायचं हं!' नानांनी ती 'आमच्या मावशीच्या विवाहास अगत्य यावे' अशी केली आणि चार वर्षांच्या पिंकीच्या नावावर छापून मोकळे झाले. पिंकीचे आजोबा भांडायला आले, तर त्यांनाच विचारतात, "मुलीला बोबडं ठेवायचंय का?"

हे सगळं मी हसून सांगतो, पण कुसुमचं आठवलं की अजून चीड येते. कुसुम ही नानांची एकुलती एक मुलगी. माजिवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला, ती त्याला. मुलाच्या वडिलांचं पसंतीचं पत्र आलं, पानभर, आनंदाने ओथंबलेलं. नाना ते छापखान्यात घेऊन आले आणि मुद्रितं तपासता तपासता मधूनच उघडून वाचत बसले. हातात लाल पेन. पुढचं सांगायला नकोच. तपासलेला प्रत्येक कागद डाव्या ट्रेमध्ये पडायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या घरी मी पोचवायचो. घडीवर माजिवड्याचा पत्ता दिसला, मी इमानेइतबारे देऊन आलो! आत सोळा दुरुस्त्या होत्या आणि खाली नेहमीचा शेरा: 'दुरुस्त करून पुन्हा दाखवावे.'

दोन दिवसांनी कुसुम थेट छापखान्यात आली. "बाबा, ते म्हणतायत, या घरात आमच्या मुलाला रोज तपासतील. आठवड्यात माफीचं पत्र गेलं तर तो वडिलांना समजावेल. आजच लिहा."

नाना लगेच बसले. दुसऱ्या दिवशीही बसलेलेच.

"'क्षमा असावी' असं लिहिलं, तर मागणारा दिसतच नाही," ते म्हणाले. "चूक केली कोणी, ते वाक्यात यायला हवं."

"नाना, रिक्षा करा, जा, हात जोडा!"

"अरे, तोंडी काय, माणूस वेळ मारून नेतो. लिहिलेलं राहतं."

सहा खर्डे झाले. प्रत्येक आधीच्यापेक्षा सरस, प्रत्येकावर लाल शाई. सातवा मी हिसकावून नेणार होतो, तर म्हणाले, "उद्या." पत्र पेटीत पडलं दहाव्या दिवशी. तोवर माजिवड्याला दुसरीकडे सुपारी फुटली होती. कुसुम महिनाभर वडिलांशी एक शब्द बोलली नाही.

आणि त्या लग्नाची पत्रिका छापायला कुठे यावी? आमच्याकडे! मुलाचे वडील माझ्या हातात मजकूर ठेवत म्हणाले, "तुमच्याकडे चूक राहत नाही, एवढं कळलंय आम्हाला."

अक्षरांचे खिळे जुळले, मुद्रित निघालं. दुसऱ्या कोणाला तरी द्यावं म्हणून मी ते लपवत होतो, पण नानांनी हात पुढे केला. वाचलं. पुन्हा वाचलं. वधूच्या नावावर पेन बराच वेळ थांबलं.

"हे नाव एकदा त्यांच्याकडे जाऊन विचारून ये," ते म्हणाले. "तिथे चूक राहायला नको."

मी जाऊन आलो. नाव बरोबर होतं.