चार नंबरच्या प्रेसवर न झालेली जखम

मी ठोसा मारला तेव्हा आपल्याच हाताला लागलंय हे मला कळलंच नाही. उलट बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी खरोखरच बरं वाटलं होतं.

चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इंजिनियर होतो. साताऱ्याहून येऊन दीड वर्ष झालं होतं. गाड्यांच्या दारांचे पत्रे आमच्याकडे प्रेसवर कापले जात. खराब मालाला मी लाल टॅग लावायचो, आणि प्रॉडक्शनचा सुपरवायझर तो टॅग काढून माल पुढे पाठवायचा. दोनदा विचारलं तर हसला. त्या दुपारी ट्रॉल्यांमागे तो टॅग फाडतानाच सापडला. मी त्याचं मनगट धरलं. त्याने माझ्या छातीवर दोन्ही हात मारून मला रॅकवर ढकललं. "ए हिंदीवाल्या, गावाला जा," तो म्हणाला. मी हिंदीवाला नाही हे सांगत बसलो नाही. मूठ वळली आणि त्याच्या तोंडावर घातली.

ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. त्याचा दात माझ्या उजव्या मधल्या बोटाच्या सांध्यात घुसला होता. प्रेसच्या धडधडीत कुणाला काही ऐकू गेलं नाही. आत मारामारी केली तर दोघांचीही नोकरी जाते, हे दोघांनाही माहीत होतं. त्याने बाहीने तोंड पुसलं. "मी जिन्यावर पडलो," तो म्हणाला आणि निघून गेला.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सबाईंनी विचारलं, "काय लागलं?"

"पत्रा."

"कुठल्या मशीनवर?"

"चार नंबर." तोंडाला आलं ते बोललो. त्यांनी रजिस्टरात लिहून घेतलं.

पुढचे दोन दिवस मी त्या हाताशी भांडत काढले. मापं घ्यायचा व्हर्नियर धरता येईना, रिपोर्ट एका डाव्या बोटाने टाइप करायचो. बाइकचा ब्रेक दाबवत नव्हता म्हणून कंपनीच्या बसने जायचो. एकदा शर्टाची बटणं लागेनात तेव्हा चिडून शर्टच ओढून फाडला. मेसमध्ये लोक सांबारभात हाताने कालवून जेवत असताना मी डाव्या हातात चमचा धरून बसायचो, आणि मनातल्या मनात सुपरवायझरला पुन्हा पुन्हा मारायचो.

तिसऱ्या दिवशी बोट जांभळं होऊन टरारलं. अंबत्तूरला माझ्या खोलीजवळ एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी सांधा दाबला तसा पू उडाला आणि मी ओरडलो.

"पत्र्याने असं होत नाही," त्या म्हणाल्या. "दात कुणाचा?"

मी हात मागे ओढला.

"आणखी दोन दिवस थांबला असता तर बोट कापावं लागलं असतं." त्यांनी जखम उघडून धुतली. बधिर केलं होतं, तरी टेबलाची कड दातात धरावीशी वाटत होती.

चार दिवसांच्या रजेनंतर कामावर गेलो तर चार नंबरवर दुसराच माणूस उभा होता. तिथला नेहमीचा ऑपरेटर पन्नाशीचा, शांत माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणत. इतक्या वर्षांत त्याच्या मशीनवर कुणाला ओरखडाही आला नव्हता. मला अपघात झाला त्या वेळी मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, उघडा होता, असं ठरवून त्याला सस्पेंड केलं होतं. गार्ड उघडा होता असं लेखी देणारा तोच सुपरवायझर होता.

मी सुपरवायझरला कँटीनच्या हात धुण्याच्या जागी गाठलं. "मी खरं सांगणार आहे," म्हणालो.

त्याने हस्तांदोलनासाठी घ्यावा तसा माझा बँडेजचा हात घेतला आणि अंगठा जखमेवर रोवला. "सांग," तो हळूच म्हणाला आणि आणखी दाबलं. बँडेज लाल झालं. शेजारी धुतलेल्या स्टीलच्या ताटांचा ढीग होता. डाव्या हाताने मी एक ताट उचललं आणि उगारलं. त्याने माझा हात सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ओठावरची खपली अजून तशीच होती. मारायची इच्छा किती होती ते मलाच ठाऊक. ताट खाली ठेवलं आणि तसाच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजरने सगळं ऐकून लेखी मागितलं. डाव्या हाताने अर्धं पान लिहायला मला पाऊण तास लागला. सुपरवायझरला काढलं. मला राजीनामा द्यायला सांगितलं, महिन्याची मुदत देऊन. अण्णा दुसऱ्या दिवशी कामावर आले.

मी त्यांच्यासमोर जाऊन माफी मागितली. प्रेस चालू ठेवूनच ते तमिळमध्ये म्हणाले, "पाच दिवस घरी बसलो, सार. मुलगी विचारते, अप्पा, तुमच्यामुळे कुणाचा हात गेला का? नाही म्हटलं तरी तिला खरं वाटत नाही."

"मी येऊन सांगू?"

त्यांनी दोन पत्रे कापले. मग म्हणाले, "रविवारी या."

गेलो. मुलगी दहावीतली. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये तिला सगळं सांगितलं, मी एका माणसाला मारलं हेसुद्धा.

"मग अप्पांचं मशीन का सांगितलंत?" तिने विचारलं.

"तोंडाला आलं म्हणून," मी म्हणालो.

मग अण्णांनी तिला पाणी आणायला सांगितलं. तिने आणलेला पेला डाव्या हाताने घ्यावा लागला. त्याचीही माफी मागून मी पाणी प्यालो.