झडतीच्या मावशी

मावशींचे हात लहान होते, बोटं मात्र लांब. घड्याळांच्या कारखान्यात नोकरी लागली ती या बोटांमुळे, असं त्या सांगायच्या. पण बसवलं त्यांना फाटकाशी. पाळी सुटली की बायका एकेक करून पडद्यामागे यायच्या, हात पसरून उभ्या राहायच्या आणि मावशी त्यांची झडती घ्यायच्या. स्क्रू, चक्रं, कमानी. सगळा माल मुंगीएवढा. कुणी अंबाड्यात लपवायची, कुणी नखाखाली. एकीने तर स्क्रू किडलेल्या दाढेत ठेवला होता. मावशींच्या हातून काही सुटायचं नाही. सापडलं की त्या फक्त बोट दाखवायच्या. पुढचं ऑफिस बघायचं.

लग्न झालं, मुलगा झाला, नवरा वारला, मुलगा परगावी गेला. फाटक तेवढं कायम राहिलं. मुलगा लहान असताना शाळेतून आला की त्या त्याला जवळ घ्यायच्या आणि हात आपसूक त्याच्या खिशांवरून फिरायचा.

"आई, मी काय चोर आहे?"

"चोर नाहीस रे. खिसा दिसला म्हणून बघितला."

नोकरी संपली आणि हातांना काम उरलं नाही. मग गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात त्या रोज जाऊन बसू लागल्या. तिथल्या धर्मसभेच्या गुरुजींनी त्यांना एकदा आत बोलावलं. मावशींना वाटलं, चपला नीट लावायचं काम सांगतील.

काम वेगळंच निघालं. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी तरुण मुलामुलींचा गट जमायचा. आधी प्रार्थना, मग चर्चा, अशी रीत होती. हल्ली प्रार्थना आखडली होती आणि चर्चा लांबली होती. धर्माबाहेर लग्न केलं तर देव नाराज होतो की नुसती सभा, असा प्रश्न तिथे कुणीतरी विचारल्याचं गुरुजींच्या कानावर आलं होतं. आणखीही एक आलं होतं. गटातल्याच एका मुलीने बाहेरच्या मुलाशी गुपचूप लग्न लावलं आहे आणि बाकीचे साक्षीला उभे होते.

"कोण ते कळत नाही," गुरुजी म्हणाले. "सगळी एकमेकांना पाठीशी घालतात. आमच्यासमोर एक, मागे एक. तुम्ही जाऊन बसा. वडीलधारं माणूस म्हणून. सोबत विणकाम न्या."

"मला विणता येत नाही."

"मग नुसत्या बसा. डोळे आहेत ना?"

सभेचा नियम मावशींना ठाऊक होता. बाहेर लग्न करणाऱ्याचं नाव सभेतून कमी व्हायचं. मुलगी सभेच्या वसतिगृहात राहणारी असेल तर त्याच दिवशी तिचा पलंग रिकामा करून घ्यायचे. मावशींना तो नियम कडक वाटला नव्हता. नियम म्हटला की तो कडकच असायचा.

पहिल्या शनिवारी त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसल्या तसं खोलीतलं बोलणं तुटलं.

"या मावशी," वकील म्हणाला. हा मुलगा विजेच्या फिटिंगची कामं करायचा, पण वाद घालायची खोड म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. "आमच्यावर देखरेख ना? बसा, बसा. पंखा लावू? की गरम वातावरणातच बरं दिसतं?"

मुलं हसली. मावशी हसल्या नाहीत. त्या सगळ्यांचे हात बघत होत्या. लपवणारा माणूस तोंड सांभाळतो, हात सांभाळायचं विसरतो, हे त्यांना फाटकाने शिकवलं होतं.

मुलांना वाटलं, म्हातारीला काय कळतंय. हळूहळू सगळी पुन्हा बोलू लागली. आईबापांचा शब्द कुठवर पाळायचा. सभा चुकते असं म्हणणं म्हणजे देव चुकतो म्हणणं का. मावशींना यातलं निम्मं पटत नव्हतं आणि निम्मं कळत नव्हतं. पण लग्नाचा विषय निघाला की एका मुलीचा हात मानेमागे जायचा. कॉलरच्या शिवणीवर दोन बोटं यायची, टेकायची, परत मांडीवर. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, सभेच्या वसतिगृहात राहायची. हॉस्पिटलमधून थेट यायची ती अंगावरच्या ड्रेसनिशी. सगळे तिला सिस्टर म्हणत.

तिसऱ्या शनिवारी मावशी गुरुजींकडे गेल्या. त्यांच्या चालीत जुनी ऐट आली होती.

"सिस्टर मुलगी. कॉलरमध्ये काहीतरी आहे. मानेला सारखा हात लावते."

"नक्की?"

"माझा हात कधी चुकला नाही, गुरुजी."

मावशींनी बोट दाखवलं होतं. त्यांच्या हिशेबी काम संपलं होतं. गुरुजी म्हणाले, "मग पुढच्या शनिवारी तुम्हीच झडती घ्या. पुरुषांनी घेणं बरं दिसणार नाही."

तो आठवडा मावशींना बरा गेला नाही. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

शनिवारी सिस्टरला सतरंज्यांच्या कोठीत नेलं. दाराबाहेर गुरुजी आणि त्यांची बायको. मावशींची पिशवी बाहेरच ठेवून घेतली होती. आत सतरंज्यांचा धुळकट वास होता आणि वर एक झरोका. मावशींनी काही म्हणायच्या आत मुलीने हात पसरले. कारखान्यातल्या बायका अशाच उभ्या राहायच्या. डोळे समोरच्या भिंतीवर आणि जीव टांगणीला.

मावशींचे हात खांद्यांवरून गेले, पाठीवरून गेले, कमरेवरून गेले. कॉलरपाशी आधी गेलेच नाहीत. मग गेले. शिवणीत एक टणक कडं होतं. अंगठी. बारीक, बहुधा स्वस्तातली.

मुलगी हळूच म्हणाली, "परीक्षा झाली की मी स्वतः सांगणार आहे. तोवर पलंग गेला तर राहू कुठे? तो बोटीवर आहे कामाला. त्याच्या घरचे दारात उभं करत नाहीत. परीक्षेपुरतं, मावशी."

एवढ्यात दाराबाहेरून गुरुजींची बायको म्हणाली, "यांचं झालं की मी पण एकदा बघून घेते हं. म्हातारीचे हात ते, काय सांगावं."

मावशींनी वाकून दातांनी टाका तोडला. अंगठी तळहातावर आली. आता ठेवायची कुठे? झरोका उंच. पिशवी बाहेर. सतरंज्या झटकल्या असत्या. त्यांनी ती स्वतःच्या बोटात घातली. पेरावर अडली. त्यांनी दात आवळून रेटली. कातडी सोलवटली, पण गेली.

दार उघडलं.

"काय?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही."

इतक्या वर्षांत मावशी हे शब्द हजारो वेळा बोलल्या होत्या. खोटे कधी बोलल्या नव्हत्या. जीभ अडखळली नाही याचंच त्यांना नवल वाटलं.

गुरुजींची बायको आत गेली, बाहेर आली. "कॉलरची शिवण उसवली आहे."

"ड्रेस जुना आहे, वहिनी," मुलगी म्हणाली.

गुरुजींनी मुलीकडे बघितलं, मग मावशींकडे. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पण तुम्हीच सांगितलं होतं ना, मानेला हात लावते म्हणून?"

कोठीबाहेर गट उभा होता. वकीलही होता. मुलीने मान वळवून मावशींकडे बघितलं. तोवर तिला वाटत होतं, आपलं नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

"सांगितलं होतं," मावशी म्हणाल्या.

अंगठी निघेना. घरी त्यांनी साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. बोट वांग्यासारखं सुजलं. सकाळी प्रार्थनाघरात गुरुजींची बायको शेजारी येऊन बसली आणि तिची नजर बोटावर थांबली.

"नवी घेतलीत?"

"जुनीच. पेटीत होती."

"इतकी लहान?"

"तेव्हा मीही लहान होते, वहिनी."

तिथून उठून मावशी तडक हॉस्पिटलमध्ये गेल्या. सिस्टर ड्युटीवर होती. तिने बोट बघितलं, त्यांना स्टुलावर बसवलं आणि रेशमी दोरा आणला. दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून काढून ती पेरावर वेढे घालू लागली, एकाला एक चिकटून.

"हात सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही सोडलेला."

वेढे घालता घालता तिने विचारलं, "का सांगितलंत?"

मावशींनी पुष्कळ विचार केला. "तू मानेला हात लावत होतीस," एवढंच त्या म्हणाल्या. दुसरं कारण सापडलं नाही.

"आणि मग लपवलंत का?"

मुलगी दोऱ्याचं टोक धरून उलट उलगडू लागली. अंगठी एकेका वेढ्यावरून पुढे सरकत गेली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखल्यामुळे. अंगठी निघाली तशी मुलीने बोटाला औषध लावलं, पट्टी बांधली.

"शनिवारी या," ती म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर ते वहिनींना बसवतील. पण आता तुमच्यासमोर कुणी काही बोलणार नाही. राग मानू नका."

मावशी गेल्या. गटात हवेच्या विषयावर चर्चा झाली. ऊन वाढलंय का. पंखे कुठल्या कंपनीचे टिकतात. वकिलाने पंख्यांवर भाषणच दिलं आणि शेवटी विचारलं, "मावशी, हे नैतिक होतं ना?" निघताना तो त्यांच्या खुर्चीसमोर येऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. "बघून घ्या. नाहीतर वर तक्रार जायची." त्याच्यामागे दुसरा उभा राहिला, तिसरी उभी राहिली, सगळे हात पसरून. हसू दाबत होते, पण ते नुसतं हसू नव्हतं.

मावशींनी हात मांडीवरच ठेवले. सिस्टर रांगेत नव्हती. ती वकिलाला म्हणाली, "पुरे आता." आणि मावशींकडे न बघता निघून गेली.

परीक्षा होईपर्यंत असंच चाललं. बाहेर गुरुजी विचारायचे, "आज काय?" मावशी सांगायच्या, "आज पंखे." गुरुजी डोळे बारीक करायचे. खरं सांगत असूनही आपल्यावर विश्वास बसत नाही, हे मावशींना नवीन होतं.

परीक्षा संपली. त्या शनिवारी सिस्टर बोटात अंगठी घालून सरळ गुरुजींच्या खोलीत गेली आणि लग्नाचं सांगितलं. ट्रंक तिने आधीच भरून ठेवली होती. तिला हॉस्पिटलच्या नर्सेसबरोबर खोली मिळाली होती. गुरुजींनी नाव कमी केलं. मग मावशींना बोलावलं.

"त्या दिवशी ही अंगठी तुम्हाला सापडली होती?"

मावशींनी मुलीच्या बोटाकडे बघितलं. त्या बोटाला ती बरोबर बसत होती.

"सापडली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पलंग काढून घेतला असता."

"नियम आहे तो."

"हो ना."

गुरुजींच्या बायकोने आत जाऊन कोपऱ्यातली खुर्ची ताब्यात घेतली. तिला विणकाम येत होतं.

सिस्टर ट्रंक घेऊन रिक्षात बसली. मावशींकडे बघून तिने मान हलवली. निरोपाची असेल, किंवा नुसती हलली असेल. मावशींना ते ओळखता आलं नाही.

पुढच्या शनिवारी त्या सवयीने प्रार्थनाघराच्या फाटकापाशी आल्या. वकील बाहेर पडत होता. मागच्या खोलीत आज कुणीच जमलेलं नव्हतं.

"आता आम्ही दुसरीकडे भेटतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कुठे ते नाही सांगता येणार, मावशी."

"नको सांगू. कुणी विचारलं तर मला लपवता येत नाही."

"त्या दिवशी लपवलंत की."

"म्हणूनच तर बोट सुजलं."

त्याला हसू आलं. त्याने ते आवरलं आणि चालू लागला. चार पावलं गेल्यावर मागे वळून बघितलं. आणखी थोडं जाऊन पुन्हा बघितलं. पुढे रस्ता फुटत होता. मावशींच्या लक्षात आलं, आपण बघत असेपर्यंत हा कुठल्याच रस्त्याला वळणार नाही.

त्यांनी पाठ फिरवली आणि प्रार्थनाघराच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्याच्या चपलांचा आवाज येईनासा होईपर्यंत.