चुन्याचं जहाज आणि पाव लादी बर्फ

समुद्र मी तोवर चित्रातच पाहिला होता. वय वीस, नोकरी पहिली, गाव अल्लीपूर, मुलींच्या शाळेतला चौथीचा वर्ग. एवढ्या भांडवलावर त्या वर्षी होळीच्या आधी मी चौदा पोरींना घेऊन दक्षिण ध्रुवाकडे निघाले. आजही ते आठवलं की मी बसल्या जागी सरसावून बसते.

खूळ शिरलं ते रद्दीतून. पुस्तकांना कव्हरं घालायला म्हणून वर्ध्याहून माझ्या भावानं जुन्या इंग्रजी सचित्र मासिकांचा गठ्ठा पाठवला होता. त्यातल्या एका अंकात बर्फाच्या समुद्रात गेलेल्या जहाजाची रंगीत चित्रं होती. निळ्या-हिरव्या बर्फाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी काडेपेटीएवढं जहाज, काठावर दाटीनं उभे असलेले पेंग्विन, खुशाल लोळत पडलेले सील, आणि एका चित्रात पाण्याबाहेर आलेली देवमाशाची नुसती शेपटी. कव्हरं घालायची राहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन दोन दिवसांत मी त्या लेखाचा फडशा पाडला आणि तिसऱ्या दिवशी वर्गात भूगोलाचं पुस्तक मिटून ठेवलं.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली चुन्यानं जहाज आखलं. ते मुंबईहून सोडलं. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, ते त्या दृष्टीनं बरंच झालं. आधीची राजधानी नागपूर, आणि नागपूरहून जहाज सोडायचं म्हणजे पंचाईत होती. रोज प्रार्थना झाली की पोरी जहाजावर चढायच्या आणि आम्ही नकाशावर बोटभर पुढे सरकायचो. लंका मागे पडली, विषुववृत्त ओलांडलं. गणितंसुद्धा जहाजावरच झाली, कारण किती दिवसांचं गोडं पाणी भरून घ्यायचं हे कोणीतरी काढायलाच हवं होतं. थंडीचा मुलूख आला तेव्हा तिसरीच्या पोरी पेंग्विन झाल्या. पांढऱ्या परकरावर काळी घोंगडी पांघरायची आणि पायांवर कवठ ठेवून चालायचं, कारण पेंग्विनचा नर अंडं पायांवर सांभाळतो असं लेखात लिहिलं होतं. हसून हसून एकही पेंग्विन दहा पावलांच्या पुढे गेला नाही.

जहाजाची कप्तान होती भाजीवाल्याची मुलगी. तिच्या बापाची गावाबाहेर वांगी-मिरचीची वाडी होती. तिथं पोपट हाकलून हाकलून तिचा आवाज असा तयार झाला होता की ती जहाजातल्या टेबलावर चढून ‘बर्फ दिसून राह्यला’ असं ओरडली की शेजारच्या शाळेतले गुरुजी खिडकीत यायचे. पोरगी हुशार होतीच, पण मुख्य म्हणजे तिचा त्या जहाजावर विश्वास होता. जहाज चालू असताना ती चुन्याच्या रेघेबाहेर पाय टाकत नसे. बुडून जाईन म्हणायची.

हे सगळं ती घरी जाऊन सांगे, आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. एके दिवशी तिचा बाप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याला टावेल बांधलेला, हात मातीनं भरलेले, आवाज मात्र मऊ. म्हणाला, पोरीला चिठ्ठी वाचता येते तेवढं पुरे, आता ती वाडीत येईल. चौथीची परीक्षा महिन्यावर आली होती. एवढा महिना थांबा म्हणून मी गळ घातली, तेव्हा त्यानं पोटातलं ओठांवर आणलं.

"बाई, पोरगी म्हणते, समुद्रात बर्फाचा डोंगर राह्यते, वर दिसते थोडासा अन् खाली त्याच्या आठपट. खाली पाह्याले कोण गेलतं? जे कोणी पाह्यलं नाई ते शिकवता, मंग मी तिले काऊन पाठवू?"

प्रश्न उत्तम होता. माझ्या चौदा पोरींपैकी एकीनंही तो विचारला नव्हता, आणि मला स्वतःला तर तो सुचलाही नव्हता. पण तेव्हा राग माझ्या नाकावर असे. मी म्हटलं, दाखवते, सगळ्या गावासमोर दाखवते. दाखवलं तर पोरगी परीक्षेला बसेल, नाही दाखवलं तर न्या तिला वाडीत. त्यानं थोडा विचार केला आणि हो म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बर्फ मिळायचा हिंगणघाटला, आणि बाजाराच्या दिवशी भाजीची बंडी घेऊन हिंगणघाटला जाणारा तोच. म्हणजे ज्याला दाखवायचं त्यानंच पुरावा वाहून आणायचा. तो बिनतक्रार कबूल झाला. कारखान्यात दाखवायला मी चिठ्ठी दिली : पाव लादी बर्फ, लाकडाच्या भुशात घालून पोत्यात बांधून द्यावा. चिठ्ठी त्यानं टावेलात खोचली. शाळेसमोर गुरांना पाणी पाजायची दगडी ढोणी होती, ती पोरींनी घासूनपुसून काठोकाठ भरली. लादी त्या ढोणीत सोडायची आणि गावाला हिमनग दाखवायचा असा माझा बेत होता.

त्या दुपारी शाळेसमोर पोळ्याएवढी गर्दी झाली. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या, पेंग्विन घोंगड्या पांघरून उन्हात घामाघूम झाले होते आणि माझे खलाशी जेवायलाही जहाजावरून उतरायला तयार नव्हते. मी दहा वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आले. माझ्या पोटात भीती होती आणि आनंदही होता, आणि खरं सांगायचं तर आनंद जास्त होता. टेबलावरून कप्तानाला आधी धूळ दिसली, मग बैल दिसले.

"बर्फ दिसून राह्यला!" ती ओरडली, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच ते खरं होतं. मी पदर खोचून धावत सुटले.

बंडीची साटी खालच्या फळ्यांसकट ओलीचिंब होती. चाकांवरून पाणी गळत होतं. त्यानं पोतं उतरवलं, हलक्या हातानं सोडलं, आणि आत बर्फ निघाला कवठाहून जरासा मोठा.

माझं डोकं फिरलं. लहान-थोर काही न पाहता मी चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलले. हरायची भीती वाटली म्हणून मुद्दाम वितळवलात, पोरीचं नुकसान केलंत, असलं बरंच काही.  मग डोक्याचा टावेल काढून त्यानं हातात घेतला.

"लेकराची आण, बाई. कोसभर आलो अन् पाह्यलं, तर भुसा कोरडा अन् बर्फ आटून राह्यला. मी भुसा झटकला, ओलं पोतं घातलं. विहीर दिसली का दोन बालट्या मारल्या. जसजसा तो कमी झाला तसतसं मी जास्त पाणी मारलं."

गर्दीतल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यातली निम्मी घरं भाजी पिकवणारी होती. मेथी असो, वांगी असो, बाजारात न्यायची तर वाटेत पाणी मारत न्यायची, हे त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. एक म्हातारा म्हणालाही की यापेक्षा जास्त कोणी काय करणार. सहा कोस त्या माणसानं बैलांआधी बर्फाला पाणी पाजलं होतं. आणि मी? महिनाभर चौदा पोरींना बर्फ शिकवला, आणि जो माणूस तो वाहून आणणार त्याला एक वाक्य सांगितलं नव्हतं, की बर्फाला कोरडा भुसाच राखतो, पाणी मारलं की तो लवकर वितळतो. मला इतकी लाज वाटली की कान तापले. भाऊ, चूक माझी आहे, मी तिथंच मोठ्यानं म्हटलं. पण तेवढ्यानं बर्फ वाढणार नव्हता. मी कप्तानाकडे पाहिलं. ती जहाजावर ताठ उभी होती आणि पोत्यातल्या बर्फाकडे पाहत होती.

मग ती टेबलावरून उतरली आणि चुन्याची रेघ ओलांडून सरळ समुद्रातून पळत सुटली. समोरच्या दुकानातली लिंबाच्या गोळ्यांची काचेची बरणी तिनं उचलली, दुकानदार हां हां करेपर्यंत गोळ्या परकरात ओतून घेतल्या, आणि शाळेच्या माठातलं गार पाणी बरणीत भरलं. मी बर्फ हातात घेतला. बरणीच्या तोंडातून तो जेमतेम आत गेला. आधी बुडाला, मग वर आला, डोलला आणि स्थिर झाला. पाण्यावर एक पातळशी टेकडी, आणि खाली काचेतून लख्ख दिसणारा सगळाच्या सगळा बर्फ.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दगडी ढोणीत पाण्याखालचं कोणाला दिसणार होतं? लादी धडधाकट आली असती तर मी सपशेल हरले असते. माझा जीव भांड्यात पडला, आणि हसू आवरता आवरेना.

तो बरणीसमोर उकिडवा बसला. वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, जमिनीला गाल टेकून खालूनही पाहिलं. काचेवर बोट लावून पेरांनी माप घेतलं. वरचं अर्धं पेरही भरेना. बर्फ लहान होत गेला, पण दर वेळी वर थोडा आणि खाली बराच, हे काही बदललं नाही. मग तो उठला आणि स्वतःच लोकांना रांगेत उभं करायला लागला, बायकांना पुढे, ढकलाढकली करणाऱ्यांना मागे. पोरी बरणीभोवती पेंग्विनसारख्या दोन्ही पायांवर डुलत होत्या. शेवटचा तुकडा विरघळल्यावर लोकांनी ते पाणी पळीपळीनं तीर्थासारखं घेतलं. मीही घेतलं. त्याला लिंबाच्या गोळ्यांची चव होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच बाप-लेक शाळेत आले. पोरगी पाटी-दप्तर घेऊन थेट जहाजावर चढली. परत फिरायचं होतं आम्हाला, मुंबई अजून लांब होती. बापाच्या डोक्यावर टोपली होती. ती त्यानं पायरीवर ठेवली आणि वरचं ओलं पोतं बाजूला केलं. आत कोवळ्या काकड्या होत्या, थंडगार.

"याले मात्र पाणी मारूनच आणलं, बाई," तो म्हणाला. मी हसले, तोही हसला. मग जायला वळला, चार पावलं गेला आणि परत आला.

"बाई," त्यानं विचारलं, "चौथीच्या पुढची शाळा कुठं राह्यते?"